डिझेल चोरी नाही, ॲव्हरेजची गळती! पिकअपवाल्यांनी हा हिशेब एकदा करून बघाच



मागच्या बॅचमध्ये मंचरकडचे एक दादा होते. स्वतःची शेती आहे, शिवाय आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल पुण्याला गुलटेकडी मार्केट यार्डात पोचवण्याचा धंदा. कर्जावर घेतलेली पिकअप, तीन वर्षं झालेली. गाडीवर ड्रायव्हर म्हणून बायकोचा भाऊ. सेशन संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मेव्हणा डिझेल चोरतोय. पहिल्यासारखं ॲव्हरेज लागत नाही. घरात कसं बोलू सांगा."

मी विचारलं, "गाडी नेमकं किती देते आता?"

"पूर्वी तेराच्या आसपास द्यायची. आता खूप कमी देते."

"खूप कमी म्हणजे किती?"

उत्तर नव्हतं. रोज हजार-दीड हजाराचं डिझेल टाकायचं, काट्याकडे बघायचं आणि अंदाज बांधायचा. एवढ्या अंदाजावर माणूस घरातलं नातं तोडायला निघाला होता. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहितोय, कारण पिकअप किंवा छोटा हत्ती घेऊन धंदा सुरू करणाऱ्या बहुतेकांची अडचण इथेच असते. डिझेल हा महिन्याचा सगळ्यात मोठा चालू खर्च, आणि मोजमाप त्याचंच नसतं.

आधी मोजा, मग बोला

रुपयांत डिझेल टाकून ॲव्हरेज कळत नाही. काटा टाकीच्या आकाराप्रमाणे आणि गाडी चढावर उभी आहे की उतारावर, त्याप्रमाणे वर-खाली होतो. पद्धत एकच: टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं, किलोमीटर लिहायचे. गाडी नेहमीसारखी चालवायची. पुन्हा टाकी फुल्ल, शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा पहिल्याच कटला थांबायचं. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा टाकलेलं लिटर. झालं. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार टाक्यांची सरासरी काढा. आणि वहीत तारखेसमोर माल किती होता, कुठल्या रस्त्याने गेलात, किती वेळ अडकलात, हेही एका ओळीत लिहा. ही एक ओळच पुढे सगळं उलगडून सांगते.

दादांनी चार टाक्या मोजल्या. आकडा आला १०.८.

आता त्यांचा हिशेब बघा. जाऊन-येऊन १४० किलोमीटर, महिन्यात २६ फेऱ्या, म्हणजे ३,६४० किलोमीटर. १०.८ च्या ॲव्हरेजने ३३७ लिटर लागतात. गाडी १२.६ वर आणली तर २८९ लिटर. फरक ४८ लिटरचा. हिशेबासाठी डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला ४,३०० रुपयांच्या वर, वर्षाला ५०,००० च्या पुढे. हा शुद्ध नफा आहे, त्यासाठी एकही नवीन गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, फार कमी लोक हे बघतात. गाडी ९ वरून १० वर आली तर दर हजार किलोमीटरला ११ लिटर वाचतात. १४ वरून १५ वर आली तर पाचसुद्धा वाचत नाहीत. वाढ दोन्हीकडे एकाचीच, पण पैसा वेगळा. दोन गाड्या असतील तर जी वाईट देते तिच्यामागे आधी लागा.

चोर सापडला, पण तो चाकात होता

दादांना सांगितलं, मेव्हण्याला काही बोलू नका, एक दिवस त्याच्याबरोबर जा. फेरी करून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. हात चाकाला लावायचा नाही, भाजेल. नुसता जवळ न्यायचा. मागच्या डाव्या चाकातून भट्टीसारखी धग येत होती. दोन महिन्यांपूर्वी ब्रेक लायनर बदलले होते, ते चाक तेव्हापासून पूर्ण सुटतच नव्हतं. म्हणजे गाडी रोज १४० किलोमीटर थोडा ब्रेक दाबूनच धावत होती! इंजिन बिचारं ओढत होतं आणि डिझेल ब्रेकच्या उष्णतेत जात होतं.

तुमच्या गाडीचं बघायचं असेल तर सपाट जागी गाडी न्यूट्रलला ठेवून दोघांनी ढकलून बघा. रिकामी पिकअप फार जोर न लावता हलायला हवी. हललीच नाही, तर ब्रेक किंवा बेअरिंग तपासून घ्या.

दुसरी गोष्ट हवा. पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये एकच आकडा भरला जात होता. पंक्चरवाला विचारतो "किती भरू?" आणि आपण चारही चाकांना एकच आकडा सांगून मोकळे होतो. पिकअपचं बहुतेक ओझं मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे मागे बरीच जास्त हवा लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तोच पाळा, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त चिकटतो, दर फेरीला वाकतो आणि तापतो. डिझेल जातं ते जातंच, टायरच्या कडाही लवकर झिजतात, आणि भर उन्हात माल भरलेला टायर फुटला तर त्या दिवसाचा बाजारभाव गेला. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा काढू नका.

तिसरी गोष्ट मेव्हण्याने स्वतःच सांगितली. चाकणच्या चौकात अडकलं की इंजिन चालू. यार्डाच्या गेटवर पहाटे रांगेत पाऊण तास, तिथेही चालू. "बंद करून पुन्हा स्टार्ट केलं तर जास्त डिझेल लागतं ना?" हा समज मी जवळपास प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. नाही लागत. उभ्या पिकअपचं डिझेल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, एसी लावला तर वरच्या बाजूला. एक मिनिटापेक्षा जास्त थांबणार असाल तर बंद करा. बॅटरी आणि स्टार्टर मात्र धड हवेत. अनेक ड्रायव्हर इंजिन बंद करत नाहीत, कारण गाडी पुन्हा सुरू होईल याची खात्रीच नसते. त्यात दोष ड्रायव्हरचा नाही, जुनी बॅटरी न बदलणाऱ्या मालकाचा आहे.

वेग, क्लच आणि घाट

वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. आणि पिकअपचा आकार काही कारसारखा निमुळता नाही; वर क्रेटची थप्पी, फडफडणारी ताडपत्री. मोकळ्या रस्त्याचे ४० किलोमीटर ८० च्या वेगाने अर्ध्या तासात होतात, ६० ने चाळीस मिनिटांत. वाचतात फक्त दहा मिनिटं. चहाच्या टपरीवर यापेक्षा जास्त जातात. ताडपत्री ताणून बांधा, आणि माल नसेल त्या दिवशी उंच जाळी किंवा टपावरचं कॅरियर काढता येत असेल तर काढून ठेवा.

पाय क्लचवर ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर आजच मोडा. हाफ क्लचवर चढावर गाडी धरून ठेवणं हे क्लचप्लेट आणि डिझेल दोन्ही जाळणं आहे, तिथे हँडब्रेक वापरा. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर ॲक्सिलरेटर आधीच सोडा, शेवटपर्यंत पळवून ब्रेक मारू नका.

आता महत्त्वाचं. घाट उतरताना न्यूट्रल! "उतारावर न्यूट्रल केली की फुकटात जाते" असं म्हणणारे कितीतरी आहेत. आजच्या डिझेल गाड्यांत उलटं होतं. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर डिझेल टाकणं बंद करतात, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला इंजिन आयडलवर राहतं आणि डिझेल पीत राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकवर आला, आणि माल भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की लागत नाहीत. इंजिन बंद करून उतरणं तर आत्महत्याच: ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. खंबाटकी असो की कसारा, ज्या गिअरमध्ये चढाल साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

काय विकत घेऊ नका

डिझेलच्या पाइपला लावायचं चुंबक, टाकीत टाकायची जादूची गोळी, "२० टक्के ॲव्हरेज वाढेल" म्हणणारं यंत्र. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभराहून अधिक साधनं तपासली, ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही निघालं नाही. त्या पैशात एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदला. मातीच्या रस्त्यावर, खडी-वाळूच्या कामावर गाडी असेल तर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधीच बदला. काळा धूर दिसला तर समजा, न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत बहुधा धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो, त्या वेळी डिझेल थोडं जास्त लागतं. मधेच इंजिन बंद केलं तर ते काम अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. मीटरवर त्याचा दिवा लागला तर वर सांगितलेला इंजिन बंद करण्याचा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवा आणि पुस्तिकेत दिलं आहे तसं करा. ऑइलही कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. आणि सुट्टं, बिनपावतीचं "बायोडिझेल" चार-दहा रुपयांनी स्वस्त मिळतं म्हणून टाकू नका. इंजेक्टर गेले की दोन वर्षांची बचत एका बिलात जाते.

ॲव्हरेज चांगलं, तरी धंदा तोट्यात?

होऊ शकतं. १४० किलोमीटरच्या फेरीला १२.६ ने साधारण १,००० रुपयांचं डिझेल. हौद्यात १,२०० किलो माल असेल तर किलोमागे ८३ पैसे. ६०० किलोच नेलात तर गाडी हलकी म्हणून ॲव्हरेज थोडं वाढेल, वहीत आकडा छान दिसेल, पण किलोमागे खर्च दुप्पटीच्या जवळ जाईल. म्हणून वहीत "किलोमागे डिझेल" असा एक रकाना ठेवा.

मग जादा माल भरावा का? खरं सांगतो, नुसत्या डिझेलच्या हिशेबात जादा माल स्वस्तच पडतो, म्हणून तर मोह होतो. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडिंगचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. एका पावतीत पाच महिन्यांची बचत साफ. पाटे, टायर, ब्रेक वेगळेच.

खरा पैसा परतीच्या रिकाम्या फेरीत आहे. पुण्याहून येताना किराणा, पशुखाद्य, हार्डवेअर, गावातल्या दुकानदारांना काही ना काही लागतंच. भाडं ६०० रुपये मिळतंय आणि त्यासाठी शहरात १५ किलोमीटर जास्त फिरावं लागतंय, तर डिझेल १०० ते १२० रुपयांचं, फेरी परवडते. तेच भाडं दोन तास थांबायला लावत असेल आणि दुसऱ्या दिवशीची पहाटेची फेरी चुकणार असेल तर सोडून द्या.

ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी: शोरूममध्ये "ॲव्हरेज किती?" एवढंच विचारू नका. तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याएवढाच माल नेणाऱ्या दोन-तीन गाडीवाल्यांना विचारा. रोजचा माल ६०० किलो असेल तर दीड-दोन टनाची गाडी घेऊन रोज रिकामं लोखंड ओढत बसाल.

दादांचं पुढे काय झालं? ब्रेक मोकळा केला, हवा नीट केली, रांगेत इंजिन बंद ठेवायला लागले. पुढच्या चार टाक्यांची सरासरी १२.६ आली. दादांनी मेव्हण्याला संशयाचं काही सांगितलं नाही, वाचलेल्या डिझेलच्या पैशातला तिसरा हिस्सा मात्र दर महिन्याला देतात. आता वही तोच लिहितो, आणि कुठल्या पंपावर कट लवकर होतो हेही दादांना तोच सांगतो.