पाटोद्याच्या अंगणातील सुवासिक झुडूप : नाव आणि ऋतू

अंगणात सुवासिक फुलांचे झुडूप लावावयाचे ठरले, की प्रथम नावांची चर्चा सुरू होते : मोगरा, जाई, जुई, कुंद, पारिजातक, रातराणी. पाटोदा तालुक्यात मात्र नावाआधी पाण्याचा विचार करणे प्राप्त आहे. हा प्रदेश बालाघाटच्या पठारावरचा. मांजरा नदी येथेच उगम पावते, परंतु उगमाजवळच्या नदीचे पाणी गावात ठरत नाही. चैत्र-वैशाखात विहिरी आटतात, आणि तेव्हा झुडपास घातलेली घागर ही घरच्या पिण्याच्या पाण्यातूनच काढलेली असते. म्हणून झुडूप कोणत्या ऋतूत फुलते, हाच येथे निवडीचा खरा निकष होय.

या बाबतीत आपली प्रचलित नावे मुकी आहेत. ‘मोगरा’ हा शब्द संस्कृत ‘मुद्गर’पासून, ‘जाई’ हा ‘जाती’पासून आणि ‘जुई’ हा ‘यूथिके’पासून आला. ‘पाद’चे ‘पाय’ होताना ‘द’ जसा लोपला, तसाच ‘जाती’तील ‘त’ लोपला. ही परंपरा नियमित खरी, पण तीत ऋतूचा मागमूस नाही. संस्कृत कोशकारांनी निदान कुंदाच्या बाबतीत ही नोंद ठेवली होती : अमरकोशात त्यास ‘माघ्य’, म्हणजे माघात फुलणारा, असा पर्याय आहे. मराठीने ‘कुंद’ घेतला, ‘माघ्य’ सोडून दिला.

शास्त्रीय नावांनीही असा घोटाळा केला आहे. लिनिअसने १७५३ साली पारिजातक व मोगरा यांना ‘निक्टँथिस’, म्हणजे रात्रिपुष्प, या एकाच वंशात घातले; मोगरा तेथून काढून जाईजुईच्या वंशात नेण्याचे काम १७८९ मध्ये एटनने केले. रातराणी तर या कुळातलीच नव्हे. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली ही वनस्पती वांगे, मिरची व तंबाखू यांची सगोत्र आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. मोगऱ्याचा बहर ऐन उन्हाळ्यातला, म्हणजे टंचाईच्याच दिवसांतला. न्हाणीचे पाणी जेथे सहज जाते तेथेच तो लावावा. पारिजातकाचे तसे नाही. पावसाळा सरता सरता तो फुलू लागतो आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर त्याचा बहर निभावतो. उन्हाळ्यात पाने गाळून तो आपली गरजही कमी करतो. पहिले एकदोन उन्हाळे मात्र त्यास जपावे लागते.

एका झुडपाचे नाव या यादीत कोणी घेत नाही, ते म्हणजे मेंदी. ‘मेंदी’ म्हणताच आपणांस वाटलेला पाला व रंगलेले हात आठवतात. भाषेने पान लक्षात ठेवले आणि फूल विसरले. वस्तुतः तिच्या बारीक फुलोऱ्याचा दरवळ मोठा गोड असतो. कुंपणाची मेंदी आपण सतत छाटतो, त्यामुळे ती फुलतच नाही, आणि तिला वास आहे हे पुष्कळांस ठाऊकही नसते. मुरमाड जमीन व पाण्याची ओढ दोन्ही ती सोसते. पावसाळ्याच्या आरंभी फांदी लावली तरी जगते. पाटोद्याच्या अंगणासाठी माझी पहिली शिफारस हिचीच राहील; कुंपणाच्या एका कोपऱ्यात दोन झुडपे न छाटता वाढू द्यावीत.