मांडीवर बसण्याआधीची वर्षं

सातारा-सांगलीच्या इतिहासात दत्तकाचा विषय निघाला की बोलणं गादीवर जातं, मुलाकडे कुणाचं लक्ष नसतं. 1848 मध्ये आप्पासाहेब महाराजांनी मरणसमयी घेतलेलं दत्तक डलहौसीने नाकारलं आणि सातारचं राज्य खालसा झालं, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं; त्या दत्तक मुलाचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. तरी जाणत्या वयाचं दत्तक या मुलखाला नवं नाही. सांगलीच्या गादीवर 1903 मध्ये दत्तक आलेले चिंतामणराव पटवर्धन तेव्हा तेरा वर्षांचे होते. वतन आणि जमीन घरात राहावी म्हणून भावाचा कळता मुलगा मांडीवर घ्यायची रीत वाड्यांबाहेरही होतीच. मूल मोठं असलं की ते घरात रुजत नाही, असं आज सर्रास म्हटलं जातं. मागे वळून पाहिलं तर वयापेक्षा वेगळंच काहीतरी निर्णायक दिसतं: मुलाच्या मागच्या माणसांचं काय केलं गेलं.

शेजारच्या कोल्हापूरचं उदाहरण घ्या. कागलचे यशवंतराव घाटगे 1884 मध्ये, दहाव्या वर्षी, दत्तक जाऊन शाहू महाराज झाले. नाव बदललं, घर बदललं. पण जन्मदाते आबासाहेब घाटगे त्या वेळी कोल्हापूरचे रीजंट होते आणि भाऊ बापूसाहेब पुढे जन्मभर जवळ राहिले. उलट टोकाला साताऱ्याचे रामराजे. लपवून वाढवलेला हा नातू ताराबाईंनी स्वतःच पुढे आणला आणि 1750 च्या आरंभी तो साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा वारस म्हणून गादीवर बसला. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं, आणि 1752 मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर शपथेवर सांगितलं, हा माझा नातू नव्हेच. रामराजे तेव्हा पंचविशीतले होते, मूल नव्हते. पण उपयोग असेल तोवरच टिकणारं नातं कसं असतं, याचा इतका उघडा दाखला दुसरा मिळणं कठीण.

यावर कुणी म्हणेल, राजघराण्यातल्या मुलांची आज दत्तक जाणाऱ्या अनाथालयातल्या मुलांशी तुलना कशी करता? आक्षेप रास्त आहे, आणि मुद्द्याची गाठ त्यातच आहे. कोल्हापूरचे शाहू दहा वर्षं आपल्या माणसांत वाढले होते. संस्थेतल्या आठ वर्षांच्या मुलीने त्याहून कमी काळात सांभाळणाऱ्या कितीतरी मावश्या येता-जाताना पाहिलेल्या असतात. जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात नेमकं हेच मांडलं: लहान मुलाला भाकरीइतकीच एका कायमच्या माणसाची गरज असते. पुढे रुमानियाच्या अनाथालयांतून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं बहुतांशी इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्यांत अडचणी कितीतरी अधिक दिसल्या, तरी त्यांतलीही काही धडधाकट निघाली. म्हणून संस्थेतून आलेल्या मुलाने पोळी उशाखाली लपवणं, लागलं तरी न रडणं, पहिल्यांदाच भेटलेल्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसणं, या गोष्टींवरून ‘रक्ताचा गुण’ काढणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. माणसं टिकत नाहीत, हे ते मूल अनुभवाने शिकलेलं असतं.

मग तान्हंच घ्यावं, हा सोपा सल्ला. त्यामागे बहुतेकदा मुलाच्या हितापेक्षा, त्याला आधीचं काही आठवू नये ही इच्छा असते. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलींनाही दत्तकाचं दार उघडलं, पण जन्मघराशी नातं तोडणं हाही त्याच कायद्याचा भाग. पूर्वीचं दत्तक भाऊबंदकीत असल्याने मागचं घर डोळ्यांसमोर राहायचं; आता मागे बहुधा संस्थाच असते आणि आठवणींचा साक्षीदार कुणी उरत नाही. संस्थेतल्या मुलांना लागू होणाऱ्या बाल न्याय कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. कामाला वेग यावा म्हणून हा बदल झाला, आणि तो चांगलाच. पण मूल घरात आल्यानंतरची देखरेख दर सहा महिन्यांनी, तीही दोनच वर्षं. आठव्या वर्षी घरात आलेली मुलगी दहाव्या वर्षी त्या देखरेखीतून सुटते. तेराव्या वर्षी ती ‘तुम्ही माझे कोण?’ असं ओरडून दार आपटेल, तेव्हा त्या आईबापांनी कुणाकडे जायचं, याची सोय तालुक्याच्या गावी आजही नाही.