सव्वीस एच-सात

ड्रॉइंगवर भोकापुढे '२६ एच७' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे बोअर २६.००० मिलिमीटरच्या खाली नको आणि २६.०२१ च्या वर नको. सूट २१ मायक्रॉनांची. माणसाचा एक केसही याच्या दुपटीहून जाड भरतो. या बोअरमध्ये ६००० नंबरचं बेअरिंग बसतं. ढिलं बसलं तर त्याची बाहेरची रिंग जागेवर फिरते आणि हाउसिंग खाते. घट्ट बसलं तर बेअरिंग तापतं. भोसरीच्या शॉपमध्ये अॅल्युमिनियमची ही हाउसिंग तपासणं हे माझं रोजचं काम.

मशीनवरून उतरलेला जॉब लगेच मोजायचा नाही. मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान धरतात. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गेजपेक्षा जॉब नुसता १० अंशांनी गरम असला तरी हे बोअर ६ मायक्रॉनांनी मोठं दिसतं. मशीन थांबलेलं, सुपरवायझर घड्याळ बघतोय, तरी जॉब पुसून, बर काढून सरफेस प्लेटवर ठेवायचा आणि थांबायचं. हे थांबणं मला कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतं.

मग बोअर गेज. आधी सेटिंग रिंगमध्ये शून्य लावायचं. गेज बोअरमध्ये घालून हळूच पुढे-मागे झुलवायचं. काटा एका बाजूला सरकत जातो, क्षणभर अडतो आणि उलटा फिरतो. तो जिथून फिरतो, तेच खरं रीडिंग. तोंडाशी, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचं, म्हणजे टेपर आणि ओव्हॅलिटी दोन्ही सापडतात. हात बसायला वेळ लागतो. जोर लावला की आकडा बिघडलाच.

गो, नो-गो प्लग गेज यापेक्षा झटपट होतं, पण ते फक्त 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच सांगतं. आकडे त्याहून पुष्कळ सांगतात. शून्याच्या वर १३, १२, १०, ७ मायक्रॉन असे पीस ओळीने आले, तर चारही पास आहेत. पण बोअर लहान होत चाललंय, म्हणजे इन्सर्ट झिजतोय. "काका, ऑफसेट बघा," मी ऑपरेटरला सांगते. "आत्ता तर ओके दिलं मॅडम," असं म्हणत का होईना, काका पॅनलकडे वळतात. चांगला इन्स्पेक्टर खराब पीस पकडतो त्याहून जास्त वेळा तो होऊच देत नाही, आणि त्यासाठी त्याला मशीनपाशी जावं लागतं. नुसतं टेबलावर बसून हे जमत नाही.

लहान राहिलेलं बोअर पुन्हा फिरवता येतं. मोठं झालेलं थेट लाल बिनमध्ये जातं, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही. महिनाअखेरीला डिस्पॅच अडलेला असतो आणि २६.०२३ चा पीस कुणीतरी पुन्हा टेबलावर आणून ठेवतं, "जरा बघा, बसतंय का." गेज पुन्हा लावलं तरी आकडा तोच येतो. प्लांट सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: अशा वेळी इन्स्पेक्टरची सही मागू नका. कस्टमरकडून लेखी डेव्हिएशन घ्या, नाहीतर पीस लाल बिनमध्येच राहू द्या.