बंपरची मजबुती कशी मोजतात?

मजबूत बंपर म्हटला की जाडजूड, कशानेही न वाकणारं पोलाद डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत बंपरच्या चाचण्या झाल्या तेव्हा ही समजूत टिकली नाही.

1920च्या आधी मोटारी बहुधा बंपरशिवायच विकल्या जात. हवा असेल तो वेगळा विकत घेऊन चॅसीच्या टोकांना बोल्टांनी बसवी. स्प्रिंगच्या पोलादाची एखाददुसरी लांब पट्टी, एवढंच त्याचं रूप. पण हलका धक्का बसला तर ती दबून पुन्हा सरळ होई. पुढे क्रोमची झळाळी आली, बंपर शोभेचा झाला आणि हा गुण मागे पडला. 1970च्या सुमारास तिथल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ने नव्या गाड्या ताशी पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळवल्या. एवढ्याशा वेगातही दुरुस्तीचं बिल शेकडो डॉलरांवर गेलं.

असं का व्हावं? दीड टनाची गाडी या वेगाने भिंतीवर आदळली तर साधारण 3,700 जूल ऊर्जा जिरवावी लागते. ती जिरेपर्यंत बंपर साडेसात सेंटिमीटर मागे सरकला, तर गाडीवर सरासरी पाच टनांचा जोर येतो. अडीच सेंटिमीटरच सरकला, तर तोच जोर पंधरा टन होतो आणि रेडिएटर, दिवे, बॉनेट सगळं चेपतं. म्हणजे बंपर किती जाड, यापेक्षा तो किती मागे सरकू शकतो, हे जास्त महत्त्वाचं.

1973च्या मॉडेलांपासून सरकारी नियम आला: पुढून पाच मैल, मागून अडीच मैल वेगाने भिंतीवर आदळल्यावरही दिवे, इंधनाची व्यवस्था, कुलपं शाबूत राहिली पाहिजेत. पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही पाच मैलांची अट लागली आणि लंबकाची चाचणी आली. ही मला फार विचारपूर्वक रचलेली वाटते. लंबकाचं वजन गाडीइतकंच. तो किमान अकरा फूट त्रिज्येच्या कमानीत झुलतो आणि जमिनीपासून 16 ते 20 इंच उंचीच्या पट्ट्यात बंपरवर आदळतो. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडलेले. धक्क्याने ती पुढे ढकलली जाते, त्यामुळे भिंतीच्या मानाने बंपरला निम्मीच ऊर्जा जिरवावी लागते. पण या चाचणीत कोपरेही सुटत नाहीत. प्रत्यक्ष पार्किंगमध्ये असेच धक्के बसतात.

कंपन्यांनी बंपरमागे तेलाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले. गाड्या लांब आणि जड झाल्या, टीका वाढली आणि 1983च्या मॉडेलांसाठी वेगाची अट अडीच मैलांवर आली. वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथा हिस्साच उरते. म्हणून ही सवलत दिसते त्याहून खूप मोठी होती. शिवाय हा नियम फक्त प्रवासी कारना लागू आहे. पिकअप आणि एसयूव्हींना तो लागू नाही.