लाल रेघ आणि आपला शब्द

शिरूर-दौंडकडचा एखादा विद्यार्थी आपल्या आजीची हकीकत संगणकावर उतरवून घेतो. आजी सांगते, 'हाडोळ्यात बाजरी व्हती.' 'व्हती'खाली लाल रेघ उमटते, कदाचित 'हाडोळ्यात'खालीही. शाळेपासून लाल शाईचा धाक घेतलेला हा मुलगा निमूटपणे 'व्हती'चे 'होती' करतो, 'हाडोळ्यात'चे 'शेतात' करतो. आजीची साक्ष तिथेच बदलते. हाडोळा म्हणजे गावकीच्या राबणुकीपोटी महारांकडे असलेली वतनी जमीन. ती वतने १९५८च्या कायद्याने गेली. आता शब्दही गेला, तर त्या राबणुकीचा पुरावा कुठे शोधायचा?

लाल रेघ म्हणजे निकाल नव्हे. संगणकाजवळ शब्दांची एक यादी असते. त्या यादीत हा शब्द नाही, एवढेच रेघ सांगते. यादी कोणाच्या लेखनातून झाली, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण नुसते विचारून थांबू नये. यादीत भर घालण्याची सोय आपल्या हाती आहे.

लिब्रेऑफिस हे मोफत मिळते. त्यात मराठीची तपासणी बसवून घ्यावी. मग 'टूल्स'मधील 'ऑप्शन्स' उघडून भाषेच्या विभागात 'रायटिंग एड्स'वर जावे. तेथे 'न्यू' दाबून कोशाला नाव द्यावे, भाषा मराठी निवडावी आणि 'एडिट'मधून शब्द भरावेत. वर्डमध्ये हीच सोय 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग' या वाटेने 'कस्टम डिक्शनरीज'मध्ये सापडते.

मराठीत एक अडचण आहे. 'हाडोळा' भरला म्हणून 'हाडोळ्यात', 'हाडोळ्याला', 'हाडोळ्यातून' ही रूपे आपोआप ओळखली जातील असे नाही. ती वेगळी भरावी लागतात. येसकर, तराळ हे शब्द आणि न्हावरे, सणसवाडी, पाटस, कुरकुंभ ही गावांची नावे यांचेही तसेच.

मात्र बोली आणि चूक यांत फरक आहे. 'व्हती' ही बोली. 'बौध्द' ही चूक. 'द'ला 'ध' जोडून होतो तो 'बौद्ध'. आपल्याच पत्रकांत आणि फलकांवर ही चूक वारंवार दिसते. घाईत 'ॲड टू डिक्शनरी' दाबले, की त्या संगणकावर ती चूक कायमची मुकी होते. म्हणून लिब्रेऑफिसमध्ये दुसरा कोश करावा आणि तो करताना 'एक्सेप्शन'वर खूण करावी. त्यात 'बौध्द', 'सिध्दार्थ', 'अस्पृष्य' असे चुकीचे शब्द आणि त्यांपुढे योग्य रूपे भरावीत. मग चूक दिसताच संगणक हटकतो.

हे कोश म्हणजे लहानशा फाइली असतात. त्या एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येतात. एका शिक्षकाने शिरूरला शंभर शब्द भरले, तर भीमेपलीकडे दौंडच्या कार्यकर्त्याला ते पुन्हा भरायला नकोत. मात्र प्रत्येक शब्द भरण्याआधी तो बोलणाऱ्या माणसाला विचारावा, त्याचा अर्थ वेगळ्या वहीत टिपून ठेवावा. कारण हा कोश अर्थ सांभाळत नाही, तो फक्त रूप ओळखतो. अर्थ सांभाळणे हे आपलेच काम आहे.