किओंडो: केनियाची विणलेली टोपली

केनियातल्या कांबा आणि किकुयू बायकांची 'किओंडो' पाहिलीय का? ही माझी सर्वांत आवडती टोपली!

आज ती बहुतेक सिसलच्या, म्हणजे आपल्या घायपाताच्या जातीतल्या धाग्याची असते. सिसल पूर्व आफ्रिकेत आला 1893 च्या सुमाराला. त्याआधी रानझुडपांच्या आणि गोरखचिंचेच्या सालीचा वाख वापरत. वाख मांडीवर वळून दोरा करायचा, मग तळाच्या मध्यापासून उभे दोरे चहूकडे पसरायचे आणि आडव्या दोऱ्यांचा पीळ त्यांच्याभोवती घालत गोल गोल वर चढायचं. माग नाही, साचा नाही, सगळं बोटांवर. शेतातली कामं सांभाळून विणायचं, त्यामुळे एकीला कित्येक दिवस लागतात.

मका, घेवडा, रताळी भरून तिचा पट्टा कपाळावर घ्यायचा आणि ओझं पाठीवर. परदेशी दुकानांत मिळणारे चामड्याचे बंद ही नंतरची, निर्यातीसाठीची भर. मला मूळचा विणलेला पट्टाच जास्त देखणा वाटतो.

 

नैरोबीला गेलात तर किओंडो जरूर घ्या, आणि शक्यतो विणणाऱ्या बायकांच्या गटाकडूनच घ्या.