इस्रोवर लोकांचा जीव, आणि लोकांचा हक्कही

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. त्या क्षणी इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर 80 लाखांहून जास्त प्रेक्षक एकाच वेळी हजर होते. उत्तर प्रदेश सरकारने तर त्या संध्याकाळी शाळा मुद्दाम उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. पडद्यावर दिसत काय होतं? झरझर उतरणारे उंचीचे आणि वेगाचे आकडे, एक आलेख आणि बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात टक लावून बसलेले शास्त्रज्ञ. एवढ्याशा दृश्यावर माणसं एकोणीस मिनिटं खिळून राहिली.

कारण बहुतेकांना 2019 आठवत होतं.

7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 चा लँडर उतरण्याच्या बेतात असताना त्याचा संपर्क तुटला. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांना अश्रू आवरले नाहीत, तेही सगळ्या देशाने पाहिलं. नेमकं बिघडलं काय, हे मात्र कळेना. नोव्हेंबरमध्ये लोकसभेत सरकारने लेखी उत्तर दिलं की, उतरण्याच्या दुसऱ्या टप्प्यात यानाचा वेग ठरवलेल्यापेक्षा जास्त घटला आणि ते नियोजित जागेपासून 500 मीटरच्या आत आदळलं. लोकांना मिळालेला खुलासा इतकाच.

त्याच सुमारास चेन्नईतले एक इंजिनीअर, षण्मुग सुब्रमण्यन, आपल्या संगणकासमोर बसून वेगळंच काही करत होते. नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्या भागाची छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली होती. षण्मुग यांनी आधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी ठेवून ठिपका अन् ठिपका ताडून पाहिला. एका जागी पूर्वी नसलेला एक पांढुरका कण त्यांना सापडला. त्यांनी नासाला कळवलं, नासाने पुढची छायाचित्रं घेऊन खात्री केली आणि डिसेंबर 2019 मध्ये त्यांचं नाव घेऊन शोधाचं श्रेय दिलं. आपल्या ऑर्बिटरने ती जागा आधीच टिपली होती, असं इस्रोने सांगितलं. ते खरंही असेल. पण ते छायाचित्र लोकांपुढे आलं नव्हतं. भारतीय यानाचे अवशेष शोधायला भारतीय माणसाला अमेरिकी संस्थेची छायाचित्रं घ्यावी लागली, ही गोष्ट मनाला लागते.

सविस्तर उलगडा 2023 मध्ये, चांद्रयान-3 च्या उड्डाणाच्या तोंडावर झाला. अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पत्रकारांना सगळं सोपं करून सांगितलं. पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा किंचित जास्त पडला आणि लहान लहान चुका साठत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाने झपाट्याने वळायला हवं होतं, पण त्याने किती वेगाने वळावं याला सॉफ्टवेअरनेच मर्यादा घातलेली होती. त्यात उतरायची जागा जेमतेम 500 मीटर लांब आणि तितकीच रुंद. म्हणून नव्या यानात इंजिनं चार केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजणारं लेझरचं उपकरण बसवलं आणि जागा 4 किलोमीटर बाय अडीच किलोमीटर इतकी ऐसपैस निवडली. काय काय बिघडू शकेल हे आधी गृहीत धरून हे यान बांधलं, असं सोमनाथ म्हणाले. हे सगळं वाचलेल्या, ऐकलेल्या माणसांनी 23 ऑगस्टचे ते आकडे वेगळ्याच नजरेने पाहिले. आकडा कुठे अडखळला तर धोका, हे त्यांना उमगत होतं. अपयश समजावून सांगितल्याने लोकांचं प्रेम आटलं तर नाहीच, उलट ते जाणतं झालं.

लोकांशी असलेलं हे नातं इस्रो जन्मायच्या आधीपासूनचं आहे. केरळमधलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने शास्त्रज्ञ विक्रम साराभाईंच्या चमूला रॉकेट सोडण्यासाठी हवं होतं. जागा हेरणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. तिथे मेरी मॅग्डलीन यांचं चर्च उभं होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी लोकांना विश्वासात घेतलं आणि प्रार्थनास्थळ विज्ञानाच्या हवाली झालं. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकी बनावटीचं होतं, नाइकी-अपाची. त्या काळात रॉकेटचे भाग वाहायला सायकलही वापरली गेली. ते चर्च आज अंतराळ संग्रहालय आहे.

बारा वर्षांनी, ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या काळात, चिटणिसांच्याच देखरेखीखाली ‘साइट’ हा प्रयोग झाला. नासाचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. त्यात महाराष्ट्र नव्हता. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या अँटेना गावात उभ्या केल्या होत्या. संध्याकाळी गाव संचासमोर जमे आणि शेती, आरोग्य, शाळा यांवरचे कार्यक्रम पाही. भारताकडे तेव्हा स्वतःचं उपग्रह सोडणारं रॉकेटही नव्हतं. तरी उपग्रह कशासाठी हवा, याचं उत्तर खेड्यात जाऊन आधी शोधलं गेलं होतं. इस्रोच्या इतिहासातलं हे पान चंद्राइतकंच मोलाचं आहे. चिटणीस वयाची शंभरी पूर्ण करून 2025 मध्ये गेले. मराठी घरांत त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, हे आपलं दुर्दैव.

चंद्रावर उतरणं वर्षानुवर्षांतून एकदा होतं. रोजचं काम गाजावाजाशिवाय चालू असतं. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहांना दिसतं. त्यावरून मासळी कुठे एकवटेल याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था बांधते आणि किनाऱ्यावरच्या भाषांत पाठवते, मराठीतही. रत्नागिरीच्या मच्छीमाराला हा अंदाज बरोबर मिळाला तर शोधाशोधीत जाणारं डिझेल वाचतं. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. तेव्हा अशा वादळावर हवामान खात्याची जी नजर असे, तीत इन्सॅट-3डी आणि 3डीआर या उपग्रहांचा मोठा वाटा असे. दोघांची मिळून दर पाव तासाला ढगांची नवी प्रतिमा येत असे. वादळ कुठे वळतंय हे वेळीच दिसलं, तरच किनाऱ्यावरची माणसं वेळीच हलवता येतात.

रॉकेट तरी एकट्या इस्रोच्या अंगणात कुठे तयार होतं? घन इंधनाच्या कामात शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांनी उमेदीची वर्षं घातली. हे इंधन ज्या पोलादी आवरणात भरतात, ती आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात 1970 च्या दशकापासून घडत आली आहेत. चांद्रयान-3 नेणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या दोन बूस्टरांत प्रत्येकी दोनशे टनांहून जास्त इंधन होतं. द्रव इंधनावर चालणारं ‘विकास’ इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतं. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या गावातले वेल्डर आणि फिटर चंद्राच्या वाटेवर आहेत, हे शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवं.

इतका जीव लावणाऱ्या लोकांना इस्रो काय देते? बरंच काही देते. 2019 पासून श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षागॅलरीतून सामान्य माणसाला उड्डाण डोळ्यांनी पाहता येतं. नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ हा उपक्रम आहे. चांद्रयान मोहिमांची माहिती संशोधकांसाठी संकेतस्थळावर उपलब्ध आहे, ‘भुवन’वर उपग्रहांनी टिपलेले नकाशे घरबसल्या उघडता येतात. अपयशाच्या बाबतीत मात्र हात कधी सैल, कधी आखडता. ऑगस्ट 1979 मध्ये एसएलव्ही-3 समुद्रात कोसळलं, तेव्हा अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांपुढे गेले आणि जबाबदारी घेतली. पुढच्याच जुलैत यश आलं, तेव्हा त्यांनी प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केलं. ऑगस्ट 2021 मध्ये जीएसएलव्ही-एफ10 फसलं. त्यावरच्या समितीचा निष्कर्ष इस्रोने मार्च 2022 मध्ये जाहीर केला: एका झडपेतून गळती झाली आणि द्रव हायड्रोजनच्या टाकीतला दाब हवा तेवढा राहिला नाही. कुणालाही समजेल असा खुलासा. पण 18 मे 2025 रोजी पीएसएलव्ही-सी61 चा तिसरा टप्पा बिघडला आणि ईओएस-09 हा उपग्रह गेला, त्यानंतर कित्येक महिने चौकशीचा अहवाल लोकांसमोर आला नाही. मोटरच्या आवरणातला दाब घटला, एवढं त्याच दिवशी सांगण्यात आलं होतं.

काही उपग्रह संरक्षणाच्या कामाचे असतात, त्यांची प्रत्येक गोष्ट उघड करता येणार नाही, हे मान्य. झडप का गळली, दाब का घटला, हे सांगायला तरी अडचण नसावी. श्रीहरिकोट्याच्या गॅलरीची नोंदणी मोफत असते, उड्डाणाच्या काही दिवस आधी खुली होते आणि लगेच भरते. मुलांना घेऊन तिथे जरूर जा. आणि एखादं उड्डाण फसलं, तर त्याचा अहवाल जाहीर करा असं इस्रोला पत्र लिहून कळवा. ही मागणी विरोधकांनी करण्याआधी इस्रोवर प्रेम करणाऱ्यांनी करायला हवी.